सौर शर्यतगाडी : तिची यंत्ररचना आणि तिची परिभाषा

१. विषयप्रवेश

सौर शर्यतगाडी म्हणजे सूर्यप्रकाशापासून मिळणाऱ्या विजेवर लांब पल्ला तोडणारी, बहुधा एकाच माणसाला पुरेल एवढी, अत्यंत हलकी गाडी होय. जगातील अशा गाड्या बहुतांशी विद्यार्थ्यांनी बांधलेल्या आहेत. त्या बाजारात विकल्या जात नाहीत, त्यांत सामान ठेवण्यास जागा नसते, आणि चालकाच्या सुखसोयीचा विचारही त्यांत शेवटी येतो. तरीही गेली चाळीस वर्षे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे काम मोह घालीत आले आहे. विजेच्या प्रत्येक वॉटाचा हिशेब जिथे द्यावा लागतो असे दुसरे वाहन सहसा आढळत नाही, हे त्याचे मुख्य कारण होय.

प्रस्तुत लेखाचा हेतू दुहेरी आहे. अशी गाडी कोणत्या तत्त्वांवर चालते हे सोलापूरच्या हवामानाचा व रस्त्यांचा आधार घेऊन सांगणे, हा पहिला हेतू; आणि ती तत्त्वे मराठीत सांगताना शब्द कोठे साथ देतात व कोठे दगा देतात हे तपासणे, हा दुसरा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून अभियांत्रिकीचे पदवी-शिक्षण प्रादेशिक भाषांतून देण्यास मुभा दिली आहे. त्यामुळे परिभाषेचा प्रश्न आता केवळ कोशकारांचा राहिलेला नाही. मराठी, कन्नड व तेलुगू ह्या तीन भाषा घरोघरी बोलल्या जाणाऱ्या सोलापुरात तर तो कार्यशाळेच्या दारापर्यंत आला आहे.

२. पूर्वपीठिका

आजच्या प्रकारचा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली सिद्ध झाला. चेपिन, फुलर व पिअर्सन ह्या तिघांनी बनविलेला तो घट पडलेल्या प्रकाशाच्या सुमारे सहा टक्के भागाचे विजेत रूपांतर करी. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, जनरल मोटर्समधील विल्यम कॉब ह्यांनी शिकागो येथे सौरघटांवर चालणारी एक छोटी गाडी दाखविली. तिची लांबी हातभरसुद्धा नव्हती. सूर्यप्रकाश चाक फिरवू शकतो एवढेच तिने सिद्ध केले.

माणूस वाहून नेणाऱ्या सौरगाडीचा पहिला मोठा प्रवास ऑस्ट्रेलियात झाला. हान्स थोलस्ट्रप व लॅरी पर्किन्स ह्यांनी १९८२ च्या डिसेंबरात पर्थ येथून निघून १९८३ च्या जानेवारीत सिडनी गाठले. सुमारे ४००० किलोमीटरांचे हे अंतर त्यांनी २० दिवसांत तोडले. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सौरगाड्यांची शर्यत सुरू झाली, आणि १९८७ मध्ये थोलस्ट्रप ह्यांच्याच प्रयत्नाने ऑस्ट्रेलियातील जागतिक सौर स्पर्धा भरली. उत्तरेकडील डार्विनपासून दक्षिणेकडील ॲडिलेडपर्यंत सुमारे ३००० किलोमीटरांचा हा मार्ग आहे. पहिली शर्यत जनरल मोटर्सच्या ‘सनरेसर’ गाडीने ताशी सुमारे ६७ किलोमीटर सरासरी वेगाने जिंकली.

आरंभी मोठ्या कंपन्यांकडे असलेला हा मान पुढे विद्यार्थ्यांकडे आला. नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००१ मध्ये ‘नुना’ ही गाडी प्रथमच उतरवून शर्यत जिंकली, आणि २००५ मध्ये त्यांच्याच ‘नुना ३’ ने ताशी १०२.७५ किलोमीटर एवढी सरासरी गाठली. त्यानंतर जपानचे तोकाई विद्यापीठ व बेल्जियममधील ल्युव्हेन येथील विद्यार्थीही विजेते ठरले. वेग फार वाढू लागताच आयोजकांनी सौरपटाच्या क्षेत्रफळावर बंधने घातली. २००७ मध्ये ते सहा चौरस मीटर झाले आणि २०१७ मध्ये सिलिकॉनच्या घटांसाठी चार चौरस मीटरांवर आले. २०२५ ची स्पर्धा तेथील हिवाळ्यात, ऑगस्ट महिन्यात, घेण्यात आली व पटाचे क्षेत्रफळ पुन्हा वाढवून देण्यात आले. अशा रीतीने ह्या स्पर्धेत नियम हाही यंत्राचाच एक भाग असतो.

भारतात मणिपाल येथील विद्यार्थ्यांचा ‘सोलरमोबिल’ हा संघ व दिल्ली तंत्रविद्यापीठातील विद्यार्थ्यांचा संघ ह्यांनी सौरगाड्या बांधल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या एका उद्योगाने ‘ईव्हा’ ही छपरावर सौरपट बसविलेली लहान विद्युतगाडी २०२३ च्या वाहनप्रदर्शनात मांडली. ती शर्यतगाडी नव्हे. तिच्यात सूर्य हा विजेच्या जोडणीस पूरक आहे. तथापि मूळ तत्त्वे दोन्हींकडे एकच आहेत.

३. सौरघट आणि ‘ऊन’

सिलिकॉन हा अर्धवाहक आहे. त्याच्या दोन थरांत वेगवेगळी अपद्रव्ये अल्प प्रमाणात मिसळली असता त्यांच्या सीमेवर एक अंगभूत विद्युतक्षेत्र निर्माण होते. प्रकाशाचा कण आत शिरून इलेक्ट्रॉनला मोकळे करतो, आणि हे क्षेत्र त्या इलेक्ट्रॉनला एका बाजूस ढकलते. बाहेरून तार जोडली की धारा वाहू लागते. एका घटाचा दाब अर्ध्या व्होल्टाहून थोडाच अधिक असतो. म्हणून अनेक घट एकसर जोडणीने बांधावे लागतात. चार चौरस मीटरांच्या पटावर नेहमीच्या लहान आकाराचे सुमारे २६० घट बसतात.

येथे मराठीची विद्युतविषयक परिभाषा कशी घडली आहे ते पाहण्यासारखे आहे. घट, धारा, दाब, रोध हे सर्व शब्द पाण्याच्या व्यवहारातून आलेले आहेत. ही उपमा निरुपयोगी नाही. एकसर जोडलेल्या घटांची मालिका म्हणजे एकच पाट होय. पाट एका जागी अरुंद झाला तर पुढचे सारे पाणी कमी होते. तसेच एका घटावर झाडाची किंवा तारेच्या खांबाची सावली पडली तर संपूर्ण मालिकेची धारा घटते. ह्यासाठी मालिकेत जागोजागी डायोड बसवून धारेला वळसा घालून जाण्याची वाट ठेवतात, आणि वेगवेगळ्या दिशांना झुकलेले घट वेगवेगळ्या मालिकांत जोडतात.

दुसरी युक्तीही पाण्याच्या उपमेने समजते. नळ पूर्ण बंद असता दाब सर्वाधिक, पण प्रवाह शून्य. नळ पूर्ण उघडला की प्रवाह मोठा, पण दाब नाहीसा. दाब व प्रवाह ह्यांचा गुणाकार मधल्याच कोठल्यातरी स्थितीत महत्तम होतो. सौरपटाची ही स्थिती ढग, तापमान व सूर्याचा कोन ह्यांबरोबर क्षणोक्षणी बदलते. ती सतत शोधीत राहून पटाला त्याच स्थितीत ठेवणारे इलेक्ट्रॉनिक साधन प्रत्येक सौरगाडीत असते. विद्यार्थी त्याला ‘एम.पी.पी.टी.’ म्हणतात; ‘महत्तम शक्तिबिंदू शोधक’ असे त्याचे वर्णन करता येईल.

मात्र एक नित्याचा शब्द येथे चकवितो. तो म्हणजे ‘ऊन’. हा शब्द संस्कृत ‘उष्ण’ पासून आलेला आहे. आपण ‘ऊन पडले’ म्हणतो तेव्हा प्रकाश अभिप्रेत असतो, आणि ‘ऊन पाणी’ म्हणतो तेव्हा उष्णता. कन्नडमध्येही ‘बिसिलु’ म्हणजे ऊन आणि ‘बिसि’ म्हणजे गरम; तेलुगूत ‘एंड’ म्हणजे ऊन आणि ‘एंडु’ म्हणजे वाळणे. सोलापूरच्या तिन्ही भाषांनी प्रकाश आणि ताप ह्यांची अशी गाठ मारून ठेवली आहे. साहजिकच ‘सोलापूरचे ऊन कडक, म्हणून सोलापुरात वीज अधिक’ असे अनुमान सहज निघते. सौरघटाला मात्र प्रकाश हवा असतो. ताप त्याला बाधक होतो. सिलिकॉनच्या घटाची शक्ती २५ अंश तापमानावर मोजलेली असते, आणि त्यापुढे प्रत्येक अंशामागे ती सुमारे ०.४ टक्क्याने घटते. मे महिन्याच्या दुपारी घट ६५ अंशांपर्यंत तापला तर सुमारे १६ टक्के शक्ती गेलीच. म्हणून स्वच्छ आकाशाचा, वारा असलेला, थंडीतला दुपारचा प्रहर हा प्रत्येक घटाला उन्हाळ्यातील तप्त प्रहराहून पुष्कळदा अधिक मानवतो. गाडी धावत असताना पटावरून वाहणारा वारा त्याला थंड ठेवतो, हा धावण्याचा एक अवांतर लाभ होय.

४. एका अश्वशक्तीची गाडी

भर दुपारी, निरभ्र आकाशाखाली, सूर्याकडे रोखलेल्या एका चौरस मीटरावर सुमारे १००० वॉट एवढा प्रकाश पडतो. चार चौरस मीटरांचा पट २३ टक्के कार्यक्षमतेचा मानला, तर त्यातून ९२० वॉट मिळतील. कपड्यांच्या इस्त्रीला जेवढी वीज लागते तेवढीच ही आहे. एवढ्याशा शक्तीवर माणसासह गाडी महामार्गाच्या वेगाने कशी धावते, हा सौरगाडीच्या यंत्ररचनेतील मध्यवर्ती प्रश्न होय.

सपाट रस्त्यावर समान वेगाने जाणाऱ्या गाडीला दोन विरोध मोडावे लागतात : हवेचा आणि रस्त्याचा. उदाहरणादाखल चालकासह २५० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी घेऊ. तिचा आकार असा, की हवेच्या विरोधाच्या दृष्टीने तिचे परिणामी क्षेत्र ०.१२ चौरस मीटर भरते. नेहमीच्या मोटारीचे हे क्षेत्र सुमारे पाचपट असते. टायर अरुंद व अधिक दाबाने फुगविलेले असल्यामुळे रस्त्याचा विरोध वजनाच्या अर्धा टक्का, म्हणजे सुमारे १२ न्यूटन. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा किंचित विरळ आहे. तिची घनता एका घनमीटरास १.१ किलोग्रॅम धरली आहे.

ताशी ७२ किलोमीटर वेगाला हवेसाठी ५२८ वॉट व रस्त्यासाठी २४५ वॉट लागतात. चलित्राची व जोडण्यांची पाच टक्के घट धरून एकूण मागणी सुमारे ८१४ वॉट होते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. म्हणजेच सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या विहिरीवरील पाच एच.पी.च्या पंपाला जेवढी शक्ती लागते, तिच्या एकचतुर्थांशाहूनही कमी शक्तीत ही गाडी माणसाला घेऊन ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाते. वेग ताशी ९० केला तर मागणी १४०८ वॉट होते. वेग सव्वापट झाला, पण शक्ती पावणेदोनपटीच्या घरात गेली. कारण हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते.

सौरगाडीचे चपटे, माशासारखे निमुळते अंग, झाकलेली चाके आणि चालकाचे अरुंद आसन ह्या सर्वांचा उगम ह्या घनाच्या नियमात आहे. सांगाडा कार्बनतंतूंचा करतात तो वजन घटविण्यासाठी. परंतु सपाट रस्त्यावर एकदा वेग घेतल्यावर वजनापेक्षा आकाराचे महत्त्व अधिक, हे वरील आकड्यांवरून स्पष्ट होईल.

५. ‘शक्ती’ आणि ‘ऊर्जा’

आतापर्यंत ‘शक्ती’ हा शब्द एका नियत अर्थाने वापरला. मराठी पाठ्यपुस्तकांत कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा आणि कार्य करण्याचा दर म्हणजे शक्ती. शक्ती वॉटमध्ये मोजतात, ऊर्जा वॉट-तासांत. सोलापुरातील जो विद्यार्थी कन्नड किंवा तेलुगू माध्यमाच्या शाळेतून आला आहे, त्याच्या पाठ्यपुस्तकात मात्र ‘शक्ति’ म्हणजे ऊर्जा, आणि दराला तेथे ‘सामर्थ्य’ म्हणतात. एकच संस्कृत शब्द एका शहरातील तीन विद्यार्थी दोन अर्थांनी शिकून येतात, आणि शब्द ओळखीचा असल्यामुळे त्याचा अर्थ विचारण्याची गरज कोणालाच भासत नाही. अनोळखी शब्द माणसाला थांबवितो. ओळखीचा शब्द न थांबविता चुकीच्या वाटेने नेतो.

मराठीचा स्वतःचा व्यवहारही ह्या बाबतीत निर्दोष नाही. ‘अणुऊर्जा’ व ‘अणुशक्ती’ हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने रूढ आहेत, आणि ‘सौरशक्ती’ म्हणताना बहुधा ऊर्जाच अभिप्रेत असते. उलट कन्नडमध्ये दराला ‘सामर्थ्य’ म्हणत असूनही एच.पी.साठी ‘अश्वशक्ति’ हा शब्द आहेच. ‘बळ’, ‘जोर’, ‘ताकद’ हे बोलण्यातले शब्द तर ह्या सर्व संज्ञांच्या सीमा ओलांडून फिरतात.

ह्या गोंधळाने काय बिघडते, हे शर्यतीच्या एका प्रसंगाची कल्पना करून पाहता येईल. जागतिक सौर स्पर्धेत गाडी सकाळी आठपासून सायंकाळी पाचपर्यंतच चालविता येते. समजा, तीन वाजले आहेत, विद्युतघटमालेत १२०० वॉट-तास शिल्लक आहेत आणि पटातून ५०० वॉट येत आहेत. सोयीसाठी हा आकडा पाच वाजेपर्यंत स्थिर मानू. चालकाने ताशी ९० चा वेग धरला तर मागणी १४०८, आवक ५००, म्हणजे साठ्यातून ९०८ वॉट जातील व साठा सुमारे एक तास एकोणीस मिनिटांत संपेल. उरलेला वेळ गाडी पटाच्या तुटपुंज्या विजेवर रखडेल. ताशी ७२ चा वेग धरला तर पाच वाजता साठा अर्ध्याच्या जवळपास शिल्लक राहील. साठा नेमका पाचपर्यंत पुरवायचा असेल तर ताशी सुमारे ८१ किलोमीटर हा योग्य वेग होय. हा निर्णय घेणाऱ्यांपैकी एकाने ‘शक्ती किती उरली?’ असे विचारले व दुसऱ्याने ‘पाचशे’ असे उत्तर दिले, तर दोघेही आपापल्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे बरोबर बोलत असतील आणि गाडी मात्र वाटेत थांबेल.

वेग बदलता ठेवणे का महाग पडते, हेही ह्याच भेदातून कळते. दोन तास ताशी ७२ ने गेल्यास १४४ किलोमीटरांना सुमारे १६२८ वॉट-तास लागतात. एक तास ९० ने व एक तास ५४ ने गेल्यास अंतर तेवढेच, वेळही तेवढाच. पण ऊर्जा सुमारे १८३६ वॉट-तास. वाया गेलेल्या २०८ वॉट-तासांत गाडी आणखी १८ किलोमीटर गेली असती. म्हणूनच अनुभवी संघ ढगाखाली वेग फारसा उतरवीत नाहीत आणि उन्हात फारसा चढवीतही नाहीत. आवकेतील चढउतार ते घटमालेवर सोपवितात. २० किलोग्रॅमांची लिथियम-आयन घटमाला सुमारे पाच किलोवॉट-तास साठविते. ती ह्या गाडीची कणगी आहे.

६. ‘मोटार’ ह्या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत ‘मोटार’ म्हणजे चारचाकी वाहन. पण ग्रामीण भागात ‘मोटार चालू कर’ म्हटले की पाण्याचा पंप सुरू होतो. सौरगाडीत ‘मोटारीची मोटार’ असा प्रयोग टाळता येणे कठीण. पाठ्यपुस्तकांनी विद्युतमोटारीला ‘चलित्र’ हा शब्द दिला आहे. ‘जनित्र’ हा त्याचा जोडीदार. ही जोडी सौरगाडीत विशेष सार्थ ठरते, कारण येथे एकच यंत्र दोन्ही भूमिका करते. चाकाच्या तुंब्यातच बसविलेले हे चलित्र साखळी व दंतचक्रे ह्यांवाचून चाक थेट फिरविते व मिळालेल्या विजेपैकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग गतीत उतरविते. पेट्रोलचे एंजिन इंधनातील ऊर्जेचा सुमारे पाव भागच चाकांपर्यंत पोचविते. उतारावर किंवा गती रोखताना तेच चलित्र जनित्र बनते आणि वीज घटमालेकडे परत पाठविते.

आता संपूर्ण हिशेब सोलापूर-पुणे मार्गावर मांडून पाहता येईल. अंतर सुमारे २५० किलोमीटर. ताशी ७२ ने गेल्यास सुमारे २.८ किलोवॉट-तास लागतील. पुणे सोलापूरपेक्षा सुमारे १०० मीटर उंच आहे. तेवढी चढण चढण्यास अवघे ७० वॉट-तास अधिक. वीजबिलावरील एक ‘युनिट’ म्हणजे एक किलोवॉट-तास. म्हणजे हा सारा प्रवास तीन युनिटांच्या आत होतो. स्वच्छ दिवशी एका चौरस मीटरावर दिवसभरात सहा किलोवॉट-तास प्रकाश पडतो असे मानल्यास चार चौरस मीटरांचा पट सुमारे साडेपाच युनिटे देईल, आणि उष्णतेची घट वजा केली तरी साडेचारांहून अधिक. प्रत्यक्ष रस्त्यावरील गर्दी, थांबे व वारा ह्यांमुळे हा हिशेब बिघडेल हे खरे. तथापि यंत्राची मर्यादा कोठे आहे हे त्यावरून दिसते.

७. समारोप

वरील विवेचनात एक गोष्ट सहज आढळून येईल. जेथे पाठ्यपुस्तकांतील संज्ञा एकमेकींशी भांडतात, तेथे व्यवहारातील दोन परके शब्द अर्थ अचूक राखतात. ‘पाच एच.पी.ची मोटार’ म्हणणारा शेतकरी शक्तीविषयी बोलत असतो, आणि ‘ह्या महिन्यात तीनशे युनिट पडले’ म्हणणारा यंत्रमागधारक ऊर्जेविषयी. त्यांची गल्लत कधीच होत नाही. मग तो घरी मराठी बोलत असो, कन्नड बोलत असो की तेलुगू. ह्याचा अर्थ भारतीय संज्ञा टाकून द्याव्यात असा नव्हे. संज्ञा मापनाच्या परिमाणाशी बांधून शिकवावी, एवढाच ह्यातून निघणारा निष्कर्ष आहे.

महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषा कोशांचे काम करीत आले आहे, आणि त्या कोशांचा पाया बळकट आहे. परंतु एकभाषी कोश सोलापूरसारख्या शहराची अडचण पूर्णपणे सोडवू शकत नाही. सौरगाडीला लागणाऱ्या संज्ञांची संख्या मोठी नाही; शंभराच्या आत ती बसेल. प्रत्येक संज्ञेपुढे मराठी, कन्नड व तेलुगू प्रतिशब्द, तिचे परिमाण आणि जेथे एकच शब्द दोन अर्थांनी येतो तेथे तशी स्पष्ट सूचना, अशी एक सारणी तयार होऊन ती कार्यशाळेच्या भिंतीवर लागणे इष्ट आहे. हे काम भाषेच्या व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मिळून केल्यास गाडी बांधण्यापूर्वीच तिचा एक आवश्यक भाग तयार होईल.